अंगठा हलतो, तरीही नस तुटलेली असू शकते का?

वाचकांचे प्रश्न : हाताच्या नसांच्या (मज्जातंतूंच्या) दुखापती

प्रश्न : माझ्या यजमानांच्या उजव्या मनगटाला, तळहाताच्या बाजूने, खिडकीची काच लागून खोल जखम झाली. पहिल्या दवाखान्यात अंगठा हलवायला सांगितले, करंगळीला स्पर्श कळतो का ते विचारले आणि ‘नस शाबूत आहे’ असे म्हणून टाके घातले. आता तीन आठवडे झाले. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर आहे. गरम चहाचा पेला धरला तरी चटका समजत नाही. दुसरे डॉक्टर म्हणतात, मीडियन नस पूर्ण तुटली आहे. पण अंगठा तर अजूनही करंगळीला टेकतो. मग खरे काय मानायचे?
– एक वाचक भगिनी, कागल

उत्तर : हात प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, परंतु आपण केलेले वर्णन दुसऱ्या डॉक्टरांच्या मताशी जुळते. अंगठा हलतो आणि नस तुटली आहे, या दोन्ही गोष्टी एकाच हातात एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

हाताला मुख्यतः तीन नसा पुरवठा करतात. मीडियन नस मनगटाच्या मधोमध, तळहाताच्या बाजूने उतरते आणि अंगठा, तर्जनी, मधले बोट व अनामिकेची अर्धी बाजू यांना संवेदना देते; करंगळी आणि अनामिकेची उरलेली बाजू अल्नर नसेकडे असते; रेडियल नस हाताच्या पाठीकडे जाते. त्यामुळे करंगळीला स्पर्श कळला, तर त्यावरून मीडियन नसेविषयी काहीच सिद्ध होत नाही. अंगठ्याच्या हालचालीचेही तसेच आहे. अंगठा वाकवणारा लांब स्नायू मीडियन नसेची आपली फांदी कोपराखालीच घेतो, म्हणजे मनगटावरच्या जखमेच्या बराच वर. अंगठा बाजूला नेणारा एक स्नायू रेडियल नसेवर चालतो आणि तो तळहाताकडे ओढणारा अल्नरवर. हे तिघे मिळून मनगटातल्या मीडियन नसेच्या मदतीशिवायही अंगठा करंगळीपर्यंत पोहोचवू शकतात. म्हणून योग्य चाचणी वेगळी आहे : तळहात वर करून हात टेबलावर ठेवायचा, अंगठा सरळ छताच्या दिशेने उचलायला सांगायचा, त्याला हलका विरोध करायचा आणि त्याच वेळी अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा घट्ट होतो का, हे आपल्या बोटाने चाचपायचे.

मात्र ही चाचणी नीट केली तरी काही हातांत ती फसवते, कारण नसांची मांडणी सर्वांमध्ये पुस्तकातल्या आकृतीसारखी नसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रिश आणि कॅन्यू या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञांनी तळहातात खोलवर मीडियन आणि अल्नर या नसांना जोडणाऱ्या फांदीचे वर्णन केले. ज्यांच्यात ही जोडणी ठळक असते, त्यांच्या अंगठ्याच्या मुळाचे स्नायू कमी-अधिक प्रमाणात अल्नर नसेवर चालतात, क्वचित सगळेच. अशा माणसाची मीडियन नस मनगटात तुटली तरी तो उंचवटा भरलेला राहतो आणि अंगठा उचललाही जातो. आपल्या यजमानांच्या हातात असे असेलच, असे मी म्हणत नाही. परंतु स्नायू चालतो एवढ्यावरून नस शाबूत ठरवू नये, हे माझे ठाम मत आहे.

संवेदना अधिक भरवशाची असते, तीही योग्य जागी तपासली तर. अनामिकेवर दोन नसांच्या सीमा माणसामाणसांत सरकतात आणि तळहातात संवेदनेच्या फांद्यांचीही देवाणघेवाण होते. परंतु तर्जनीचे टोक बहुधा मीडियनचेच आणि करंगळीचे टोक अल्नरचेच असते. तळहाताच्या मध्यभागी स्पर्श कळतो म्हणून निश्चिंत राहू नये, कारण तिथली फांदी मनगटाच्या काही सेंटीमीटर वरच मूळ नसेपासून वेगळी होते आणि खालच्या जखमेतून वाचते. तर्जनीच्या टोकावर दोन टोके एकाच वेळी टेकवून ती वेगळी ओळखता येतात का, हेही पाहावे. निरोगी बोटात ५–६ मिलिमीटरचे अंतर सहज ओळखता येते.

काचेची जखम वरून लहान दिसते, पण आत खोल जाते. मनगटाच्या तळहाताकडील अशा जखमेनंतर बोट बधिर असेल, तर शस्त्रक्रियागृहात जखम उघडून नस डोळ्यांनी पाहणे हाच मार्ग आहे. हे पहिल्या काही दिवसांत झाले तर उत्तम. पण तीन आठवड्यांनंतरही वेळ गेलेली नसते. तुटलेल्या नसेची टोके मागे सरकली असल्यास मध्ये पायातल्या एखाद्या बारीक नसेचा तुकडा जोडावा लागतो. दुरुस्तीनंतर तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतात, म्हणजे मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत पोहोचायला सहा महिने किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. तोवर चूल, तवा, इस्त्री आणि गरम पेला यांपासून त्या हाताला जपायला हवे. हाताच्या शस्त्रक्रियांचा अनुभव असलेल्या प्लास्टिक किंवा अस्थिशल्य तज्ज्ञांना आपण याच आठवड्यात भेटावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : रात्री अंगठा आणि दोन बोटांना मुंग्या येतात, म्हणून नसांची विद्युत तपासणी केली. अहवालात मनगटात मीडियन नस दबली आहे, असे आहेच. शिवाय अल्नर नसेतही कोपर आणि मनगट यांच्यामध्ये अडथळा लिहिला आहे. मला करंगळीचा काहीच त्रास नाही. दोन शस्त्रक्रिया कराव्या लागतील का?
– एक यंत्रमाग कामगार, इचलकरंजी

उत्तर : करंगळीत बधिरपणा नाही आणि बोटे फाकवण्याची ताकद पूर्ण आहे, असे असेल तर तो अडथळा खरा आहे का, हे आधी पडताळावे. स्वीडिश शरीरशास्त्रज्ञ मार्टिन यांनी १७६३ मध्ये आणि पुढे ग्रुबर यांनी १८७० मध्ये वर्णिलेली एक जोडणी साधारण पाच-सहा जणांत एकाला असते. तिच्यात काही तंतू कोपराखाली मीडियन सोडून अल्नरमध्ये शिरतात. त्यामुळे कोपराशी अल्नरला विद्युत उत्तेजन दिले की स्नायूचा प्रतिसाद लहान येतो आणि मनगटाशी दिले की मोठा. कारण ते तंतू कोपरापाशी अल्नरमध्ये नसतातच. कागदावर मात्र हे वाटेतल्या अडथळ्यासारखे दिसते. त्याच स्नायूवर नोंद ठेवून कोपराशी मीडियनला उत्तेजन दिले आणि प्रतिसाद आला, तर उलगडा होतो. तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांना हे अवश्य विचारा. मीडियनच्या आजाराचे उपचार वेगळे ठरतील. नुसत्या त्या ओळीवरून अल्नरची शस्त्रक्रिया करून घेऊ नका.

प्रश्न : शिरोलीच्या कारखान्यात पत्रा लागून हात कापल्यावर चौथ्या दिवशी विद्युत तपासणी केली, ती नॉर्मल आली. आता निश्चिंत राहू का?
– एक वाचक, हातकणंगले

उत्तर : राहू नये. तुटलेल्या नसेचा खालचा भाग लगेच मरत नाही. जखमेच्या खाली उत्तेजन दिल्यास तो काही दिवस प्रतिसाद देत राहतो, आणि संवेदनेचे तंतू तर दहा दिवसांपर्यंत. स्नायूत सुई घालून दिसणारे बदल यायलाही दोन-तीन आठवडे लागतात. बोट बधिर असेल तर त्या तपासणीची वाट न पाहता तज्ज्ञांना हात दाखवा.

प्रश्न : आमच्या चार वर्षांच्या मुलाचे बोट विळीवर कापले. तो स्पर्शाबद्दल काही नीट सांगत नाही. नस कापली का, हे कसे ओळखायचे?
– एक आई, गडहिंग्लज

उत्तर : नस तुटलेल्या त्वचेला घाम येत नाही, ती कोरडी आणि गुळगुळीत राहते, त्यामुळे प्लास्टिकचे पेन तिच्यावरून सहज घसरते, तर शेजारच्या बोटावर ते किंचित अडते. जखम भरलेली असेल, तर हात कोमट पाण्यात साधारण अर्धा तास ठेवून पाहा : इतर बोटांवर सुरकुत्या पडतात, बधिर बोटावर पडत नाहीत. ताजी जखम मात्र पाण्यात बुडवू नये. शंका उरली तर लहान मुलाच्या बाबतीत भूल देऊन जखम तपासणेच योग्य ठरते, कारण आत नसेसोबत बोट वाकवणारा स्नायुबंधही कापलेला असू शकतो.