राज्याची एकच चाचणी सगळ्या शाळांना सक्तीची असावी, का शाळेला मोकळीक द्यावी?

बीड जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर आहे मी, तिसरी-चौथी माझ्याकडं, त्यामुळं इथलंच सांगतो. चाचणी वाईट नाही हो. वर्षाच्या सुरुवातीची पायाभूत चाचणी तर मला कामाची वाटते, तेव्हाच कळतं कोणाला हातच्याची वजाबाकी येत नाही ते. घोळ सगळा तारखेचा आहे.

आमच्याकडं दसरा झाला की ऊसतोडीला जायला ट्रॅक्टर भरायला लागतात, मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असती, थांबता येत नाही, मग लेकरं पण आईबापासंग साखर कारखान्यावर. काही आजीपाशी नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात, पण सगळी नाही. ऑक्टोबरातल्या संकलित एक चाचणीला वर्गात निम्मी टाळकी, अन् एप्रिलात संकलित दोनला जे लेकरू चार दिवसाखाली कोपीवरून, म्हणजे ऊसतोडीवरच्या झोपडीतून, आलंय त्याच्यापुढं तोच पेपर जो पुण्यातल्या पोरापुढं. मार्क लगेच ऑनलाइन भरा. ते मार्क गणिताचे का गैरहजेरीचे, वर कोणाला कळणार? 2025 ला तर पहिली ते नववी एकच वेळापत्रक, 8 ते 25 एप्रिल. तेव्हाचं आमचं ऊन अन् पत्र्याच्या खोल्या, ठरवणाऱ्यानं एकदा बसून बघावं.

आता कुणी म्हणेल सूट दिली की शाळा ढिल्या पडतात. खोटं नाही ते, पेपर शाळेनंच काढा म्हणलं की मागच्या सालचा झेरॉक्स निघतो, आम्हीच काढलेत! म्हणून पेपर राज्याचाच राहू द्या, पण दोन-अडीच महिन्यांत कधी घ्यायचा ते शाळेला ठरवू द्या. फुटेल म्हणता? एकाच दिवशी ठेवूनही यूट्यूबवर उत्तरं आलीच होती की. अन् मार्कावरून शाळांची तुलनाच नाही केली तर फोडून कोणाला काय मिळणार. राज्याला आकडा पाहिजे तर 4 डिसेंबर 2024 ला केंद्राचं परख सर्वेक्षण झालं तसं निवडक शाळांवर घ्या, तिसरी, सहावी, नववी, बास.

गेल्या साली कारखान्यावरून आलेल्या पाच लेकरांना मी ऑक्टोबरचा पेपर जूनमध्ये निवांत सोडवायला दिला, चौघांना बराच जमला. ते मार्क माझ्या वहीतच राहिले, भरायची मुदत कधीच संपलेली.