आलापल्लीला जंगलाच्या मधोमध एवढं मोठं गाव कसं वसलं?

गडचिरोली जिल्ह्यात भामरागडला जाताना तुम्ही आलापल्लीला थांबलात आणि विचारताय की इथं ना किल्ला ना रेल्वे, नदी म्हणाल तर ती पण आठेक किलोमीटरवर अहेरीला, मग चारी बाजूंनी जंगल असताना एवढा बाजार, ऑफिसं, क्वार्टर्स कशासाठी? सागवानासाठी, दुसरं काही नाही. माझं लहानपण तिथंच गेलं, बाबा लाकूड डेपोत नोकरीला होते, त्यामुळे जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

आधी नावच बघा, पल्ली म्हणजे तेलुगूत गाव. आलापल्ली, नागेपल्ली, सगळी तशीच. कारण या भागाचं तोंड आधी नागपूरकडे नव्हतंच, ते होतं दक्षिणेला. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी थेट राजमहेंद्रीला जाते, त्यामुळे या जंगलातलं लाकूड पाण्यात सोडायचं आणि खाली आंध्रात काढायचं असा व्यवहार होता. तेव्हा महत्त्व होतं सिरोंच्याला. 1860 मध्ये निजामाकडून तो भाग इंग्रजांकडे आला आणि सिरोंचा हे अप्पर गोदावरी जिल्ह्याचं मुख्यालय झालं. आज सिरोंचा बघून कोणाला खरं वाटणार नाही!

आणि एक गोष्ट जी आमच्याकडच्याही फार लोकांना माहीत नसते. इंग्रजांना ही नदी बोटींसाठी मोकळी करायची होती, म्हणजे वऱ्हाडाचा कापूस वर्धा नदीतून प्राणहितेत, तिथून गोदावरीत आणि मग समुद्राला. गोदावरीवर धवळेश्वरमचं धरण बांधणारे इंग्रज इंजिनिअर आर्थर कॉटन यांचं हे डोक्यातलं खूळ (खूळ म्हणतोय पण माणूस हुशार होता). वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते, दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि तिसरा आपल्या अहेरीजवळचा देवलमरी. काम बरंच झालं, पैसाही भरपूर गेला, तोवर रेल्वे पसरायला लागली आणि 1871 मध्ये सगळं बंद. पाठोपाठ 1874 मध्ये अप्पर गोदावरी जिल्हाच मोडला आणि सिरोंचा चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, जोडला. माझ्या मते आलापल्लीचं नशीब तिथंच फिरलं. कारण पुढे रेल्वे बल्लारशाला आली आणि लाकडाची दिशाच उलटी झाली, आधी पाण्याबरोबर दक्षिणेला जायचं ते आता आष्टीला वैनगंगा ओलांडून उत्तरेला बल्लारशाला जायला लागलं. आता लाकूड रस्त्यानं न्यायचं म्हटलं की सगळे रस्ते जिथं मिळतात ती जागा लागते, आणि सिरोंचा, भामरागड, अहेरी, चंद्रपूर हे सगळे रस्ते आलापल्लीला मिळतात. चौक आहे म्हणून गाव आहे.

मग वनखात्यानं तिथं आरागिरणी टाकली, डेपो आला, साहेब लोकांचे बंगले आले. काम असं चालायचं की जंगलाचे कूप, म्हणजे दरवर्षी तोडायचे तुकडे, पाडायचे, त्या वर्षीच्या कुपात कोणती झाडं तोडायची त्यांच्यावर मार्किंगचा हातोडा मारायचा, तोडलेला माल डेपोत आणून मापून लॉट लावायचे आणि लिलाव. लिलावाच्या दिवशी बाहेरचे व्यापारी यायचे आणि हॉटेलवाल्यांची दिवाळी. तोडणारे मात्र बहुतेक आसपासचे माडिया, गोंड, ज्यांच्या बापजाद्यांचं हे जंगल, आणि तेच तिथं रोजंदारीवर. हे लिहिल्याशिवाय पुढं जाववत नाही. 1858 मध्ये इंग्रजांविरुद्ध लढलेल्या गोंड जमीनदार बाबुराव शेडमाकेंना चांद्याला फाशी झाली, त्यानंतर काही वर्षांतच जंगलाचे कायदे आले, हे दोन्ही शेजारी ठेवून वाचा म्हणजे कळेल.

ट्रक जिथं पोचत नव्हता तिथं हत्ती. कमलापूरचा हत्ती कॅम्प 1962 चा, पर्यटनासाठी नाही, ओंडके ओढायला. आता हत्तींना काम नाही तरी ते आहेत, आणि 2022 मध्ये ते गुजरातला न्यायची गोष्ट निघाली तेव्हा लोकांनी विरोध केला. तेव्हा मलाही कळलं की आपल्याला त्यांचं किती वाटतं.

नंतर नक्षल्यांचा काळ आला, तोड कमी झाली, त्यात पडत नाही. पण माल अजून नामांकित आहे. मार्च 2023 मध्ये अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी बल्लारपूर (म्हणजे बल्लारशा) डेपोतून जे सागवान गेलं, ते याच पट्ट्यातलं. टीव्हीवर मिरवणूक दिसली, आलापल्लीचा तो चौक काही कोणी दाखवला नाही.

पुढच्या वेळी गेलात तर भामरागड रस्त्यानं साधारण 16 किलोमीटरवर वनवैभव आहे तिथं उतरा. 6 हेक्टरचा तुकडा, 1953 पासून तोडीतून वगळून ठेवलाय, 2014 मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळ केलं. एकेका सागाला दोन माणसांची मिठी पुरत नाही. बाबा म्हणायचे, पूर्वी सगळंच असं होतं. नोकरी त्यांची डेपोत, म्हणून हे वाक्य ते जरा हळू आवाजात बोलायचे.