सामुदायिक आरोग्य परिचर्येची तत्त्वं फील्डवर खरंच उपयोगी पडतात का?

तुम्ही जीएनएमला (नर्सिंगच्या पदविकेला) आहात. समन्याय (ज्याला जशी गरज तशी सेवा), लोकसहभाग, आंतरक्षेत्रीय समन्वय (इतर खात्यांशी मिळून काम), योग्य तंत्रज्ञान हे सगळं पाठ झालंय, पण गावात त्याचं करायचं काय, असं विचारलंय. मी बीड जिल्ह्यात आरोग्य उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका आहे. माझीच एक चूक सांगते.

नोकरी नवीन होती. दिवाळीनंतर एका बाळाला पेंटाचा (पाच आजारांवरच्या एकत्रित लशीचा) दुसरा डोस द्यायला वस्तीवर गेले, तर दाराला कुलूप. शेजारच्या आजी म्हणाल्या, "ते कवाच गेले की बाई कारखान्याला." मी रजिस्टरला 'घर बंद' लिहिलं आणि मोकळी झाले. महिनाअखेर बघते तर निम्मं पान 'घर बंद'! सपाटीला पाच हजार अन् डोंगराळ भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हा समन्यायाचा सरकारी हिशेब. पण माणसं सहा-सहा महिने उसाच्या फडाजवळ कोपीत राहतात, त्यांना माझं उपकेंद्र काय कामाचं?

पुढच्या वर्षी दसऱ्याआधीच आशाताईला घेऊन ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या घरी गेले. गाड्या कधी भरणार, हे त्यालाच ठाऊक असतं. अंगणवाडीताईंनी कुठल्या घरात किती लेकरं ते सांगितलं, आणि निघायच्या आधी लसीकरणाचं सत्र लावलं. लोकसहभाग अन् समन्वय म्हणतात तो हाच. (लोकांना हाताशी धरून काम करणं आमच्या शेजारच्या जामखेडला आरोळे डॉक्टर दांपत्यानं १९७० पासूनच सुरू केलं होतं. प्राथमिक आरोग्य सेवेचा अल्मा-आटाचा जागतिक जाहीरनामा आला १९७८ ला.)

योग्य तंत्रज्ञान म्हणाल तर प्लास्टिकची पिशवी. लसीकरणाचं कार्ड तिच्यात घालून द्यायचं, पुढची तारीख ठळक लिहायची आणि आईला सांगायचं, बोचक्यात टाकू नको, आधारकार्डाजवळ ठेव. कुठल्याही सरकारी दवाखान्यात ते दाखवलं की लस फुकट मिळते. पेंटाच्या दोन डोसांत निदान चार आठवडे हवेत. उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. हे आयांना नीट सांगाच. तारीख हुकली की 'आता सिस्टर रागावतील' म्हणून त्या जातच नाहीत, आणि खरं सांगू, आपण रागावतोही.

गुढीपाडव्याच्या सुमाराला माणसं परत आली. एकीनं पिशवीतून कार्ड काढून दिलं. तिसऱ्या डोसापुढं कानडीत काहीतरी लिहिलेलं, ते तिलाही वाचता येईना, मलाही. तारीख तेवढी कळली. ती रजिस्टरला चढवली.