ख्रिस्ती शाळेतील मुलांना शिष्टाचार कसे शिकवावेत? त्यासाठी गुण द्यावेत का?

आपण विचारले आहे की, ख्रिस्ती शाळेत सहावी-सातवीच्या मुलांना शिष्टाचार शिकवण्यासाठी आठवड्यातून एक तास मिळतो, त्या तासात काय शिकवावे आणि मुलांनी ते पाळावे म्हणून गुण ठेवावेत का. मी अशाच शाळेत 19 वर्षे शिकवले. गुण मुळीच ठेवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. काय शिकवावे यापेक्षा शिक्षक स्वतः कसा वागतो, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते आणि त्याला कारण एका विद्यार्थ्यावर माझ्या हातून झालेला अन्याय आहे.

सकाळची प्रार्थना चालू असताना माझ्या वर्गाच्या रांगेतून हसण्याचा आवाज आला. मी शहानिशा न करता सातवीतल्या एका मुलाला पुढे बोलावले, प्रार्थनेचा अनादर केल्याबद्दल साऱ्या शाळेदेखत त्याला क्षमा मागायला लावली आणि शिष्टाचाराच्या नोंदवहीत त्याचे गुणही कमी केले. दोन दिवसांनी त्याच्या मागे उभा असणारा मुलगा माझ्याकडे आला आणि हसणारा मीच होतो, असे त्याने रडत रडत सांगितले. दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेत, विनाकारण शिक्षा झालेल्या त्या पहिल्या मुलाची सर्वांसमोर क्षमा मागण्याचे मी ठरवले, परंतु आमच्या उपमुख्याध्यापकांनी मला अडवले. शिक्षकाने विद्यार्थ्यांपुढे मान खाली घातली की वर्ग हाताबाहेर जातो, तेव्हा त्याला एकट्याला बोलावून काय ते सांगा, असे ते म्हणाले, आणि मी त्यांचे ऐकले. ग्रंथालयाच्या दाराशी मी त्याची क्षमा मागितली. हात मागे बांधून, नजर खाली ठेवून तो म्हणाला, “हरकत नाही, सर.” आम्ही शिकवलेल्या शिष्टाचारात त्या उत्तराला पूर्ण गुण मिळाले असते. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत त्या मुलाने माझ्या तासाला एकदाही हात वर केला नाही.

बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात, भावाने अपराध केला तर आधी त्याला एकांतात गाठून त्याची चूक दाखवावी, असे सांगितले आहे. आणि 5व्या अध्यायात, वेदीपाशी अर्पण आणल्यावर आपल्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करावा, असे सांगितले आहे. आम्ही नेमके उलट केले होते. मुलाची चूक चव्हाट्यावर आणली, शिक्षकाची चूक दाराआड मिटवली आणि तो समेट न करताच रोज प्रार्थना म्हणत राहिलो. पुढच्या वर्षी शाळा उघडली, त्या पहिल्याच सोमवारी प्रार्थनेआधी मी सर्वांसमोर त्याची क्षमा मागितली. वर्ग हाताबाहेर गेला नाही. उपमुख्याध्यापकांना मात्र ते कधीच पटले नाही. 1703 साली फ्रान्समध्ये जाँ-बाप्तिस्त द ला साल या कॅथलिक धर्मगुरू आणि शिक्षणतज्ज्ञांनी शाळकरी मुलांसाठी ख्रिस्ती शिष्टाचारावर जे पुस्तक लिहिले, त्याचा दाखला ते मला देत असत. जांभई, शिंक, ताटावरचे बसणे यांचे बारीकसारीक नियम त्यात आहेत हे खरे. परंतु शिष्टाचार हा निव्वळ लौकिक गुण मानू नये, त्याचे मूळ परमेश्वराच्या आणि शेजाऱ्याच्या आदरात असावे, हा आग्रह ला साल यांनी प्रस्तावनेतच धरला आहे. तो भाग आमच्या नोंदवहीपर्यंत पोहोचलाच नाही.

गुणांविषयी लूकच्या शुभवर्तमानाच्या 17व्या अध्यायातील दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट वर्गात अवश्य घ्या. बरे झालेल्या दहांपैकी एकच, तोही शोमरोनी, म्हणजे यहूदी ज्यांना परके मानत अशा समाजातला, आभार मानायला परतला. बाकीचे नऊ कुठे आहेत, असे येशूने विचारले, पण त्यांचे बरे होणे परत घेतले नाही. आभार न मानणाऱ्या मुलाचे गुण कापणाऱ्याने हा भेद लक्षात घ्यावा. याकोबाच्या पत्रातील दुसरा अध्यायही वर्गात वाचा: सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा आणि मळक्या कपड्यांतल्याला पायाशी जागा, हे त्यात दोषास्पद ठरवले आहे. पाहुण्यांसाठी उभी राहणारी मुले पाणी आणून देणाऱ्या शिपायासाठीही वाट सोडतात का, हे त्या आठवड्यात त्यांनाच पाहू द्या.

एक-दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. लहान वर्गांना नियम पुन्हा पुन्हा सांगावे लागतात, तिथे उदाहरण पुरत नाही. वर्गात इतर धर्मांची मुले असतील तर त्यांना प्रार्थनेचे शब्द म्हणण्याची सक्ती करू नका. उभे राहून शांत राहणे हा शिष्टाचार पुरेसा आहे. आणि एकांतातील समेटाचा नियम मारहाण किंवा सततच्या छळाला लावू नका. छळ सोसणाऱ्या मुलाला छळणाऱ्यासमोर एकटे पाठवायचे नाही. तिथे पालकांना आणि मुख्याध्यापकांना त्याच दिवशी कळवा.