साठ नग विकून झाल्यावर पेटंट मिळेल का?

तुम्ही लिहिलंय की कांद्याची रोपं लावायचं अवजार स्वतः बनवलं, आठ महिन्यांत साठेक नग बिलं फाडून विकले, आणि आता शेजारच्या तालुक्यातला एक वर्कशॉपवाला हुबेहूब तसंच काढतोय. म्हणून पेटंट हवंय.

त्या अवजाराचं भारतात मिळणार नाही. मी पेटंट एजंट आहे आणि हे उत्तर देताना दरवेळी जिवावर येतं, कारण विचारणारा बहुतेकदा खराच संशोधक असतो. पण कायदा बघतो तो अर्जाचा दिवस. त्या दिवशी वस्तू नवीन हवी, आणि तुमचं स्वतःचं विकलेलं अवजारही तोवर ‘जुनं’ झालेलं असतं. “पण ते माझंच आहे ना!” इथे चालत नाही.

कुणी सुचवेल, विक्रीचं बोलूच नका, अर्ज टाकून द्या. तसं करू नका. तुमचंच जीएसटी बिल आणि यूट्यूबवरचा व्हिडिओ घेऊन तो नक्कल करणारा विरोध दाखल करेल. पेटंट मिळालं तरी त्याच मुद्द्यावर पुढे रद्द होऊ शकतं.

सवलती आहेत, पण अरुंद. पेटंट कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे अर्जाआधीच्या वर्षभरात केवळ चाचणीसाठी, आणि उघड्यावर करणं भागच होतं म्हणून केलेला वापर माफ आहे. साठ गिऱ्हाइकांना चाचणी म्हणता येणार नाही. कलम ३१ मधली प्रदर्शनाची सवलत केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांपुरती आहे. तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात स्टॉल लावला होता, एवढ्यावर ती मिळत नाही.

अमेरिकेत मात्र पहिल्या विक्रीपासून एक वर्ष मिळतं. तेही काटेकोर. वेन फाफ नावाच्या माणसाने चिप बसवायचं सॉकेट काढलं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने ८ एप्रिल १९८१ ला ३०,१०० नगांची ऑर्डर लेखी पक्की केली, तेव्हा एकही सॉकेट तयार नव्हतं, फक्त ड्रॉइंग होती. त्याचा अर्ज गेला १९ एप्रिल १९८२ ला. म्हणजे अकरा दिवस उशीर! १९९८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पेटंट अवैध ठरवलं: विक्रीचा व्यवहार ठरला होता आणि ड्रॉइंगवरून वस्तू बनवता येत होती, तेवढं पुरे. २०१९ मध्ये त्याच न्यायालयात हेल्सिन या औषध कंपनीच्या खटल्यात तर गुप्त करारातली विक्रीसुद्धा धरली गेली.

तुमच्या हातात तिथले चार महिने आहेत. पण भारतात राहून बाहेर अर्ज करायचा तर आधी इथल्या पेटंट कार्यालयाची परवानगी लागते, आणि अमेरिकन वकिलाची फी बघता कांद्याच्या अवजारासाठी मी तरी तो खर्च करणार नाही.

त्यापेक्षा हे सांगा, साठ नगांनंतर अवजारात काही बदललंत का? रोप पकडायचा चिमटा, खोली ठरवायची सोय, असं काही? तो बदल जुन्या अवजारावरून सहज सुचण्यासारखा नसेल, तर त्याचा स्वतंत्र अर्ज होऊ शकतो. आधी तात्पुरता अर्ज टाका, व्यक्तीला ऑनलाइन १६०० रुपये सरकारी फी आहे, आणि पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. फक्त तो बदल अजून कुणाला विकला नाही ना, त्याचा व्हिडिओ टाकला नाही ना, हे आधी नीट आठवा.