जन्मापासूनचा दोष, निदान मात्र बेचाळिशीत

प्रश्न : माझे वय 42 वर्षे असून दोन्ही बाळंतपणे विनासायास पार पडली. गेले वर्षभर जिना चढताना धाप लागते आणि अधूनमधून छातीत धडधडते. आधी रक्त कमी असल्याचे निदान झाले. रक्त वाढले, पण धाप तशीच राहिली. आता इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाची उजवी बाजू मोठी दिसते. छिद्र मात्र दिसलेले नाही. तरीही डॉक्टरांना जन्मजात छिद्राची शंका असून त्यांनी अन्ननलिकेतून इको करण्यास सांगितले आहे. असा दोष इतकी वर्षे लपून कसा राहील? आणि या तपासणीची खरोखर गरज आहे का?

उत्तर : गरज आहे. हृदयाची उजवी बाजू विनाकारण मोठी होत नाही, त्यामुळे कारण सापडेपर्यंत तो अहवाल फाइलमध्ये ठेवून देता येणार नाही.

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र असेल, तर डावीकडचे शुद्ध रक्त उजवीकडे जाते आणि फुप्फुसांतून पुन्हा एकदा फिरून येते. शरीराला मिळणारे रक्त शुद्धच असल्यामुळे ओठ निळे पडत नाहीत, आणि उजवी बाजू हा वाढीव भार कित्येक वर्षे तक्रार न करता वाहते. पुढे वयानुसार डावा खालचा कप्पा ताठर होऊ लागला, की छिद्रातून उजवीकडे जाणारे रक्त वाढते, ताणलेल्या कप्प्यांमुळे ठोके अनियमित होऊ लागतात आणि चाळिशीच्या आसपास धाप व धडधड सुरू होते. बाळंतपणे सुखरूप झाली, एवढ्यावरून हा दोष नाही असे म्हणता येत नाही.

स्टेथोस्कोपलाही तो सहज सापडत नाही. दोन्ही कप्प्यांतील दाबात फारसा फरक नसल्याने छिद्राचा स्वतःचा आवाज येत नाही. ऐकू येते ती फुप्फुसाकडे जाणाऱ्या वाढीव रक्ताची मंद मर्मर, आणि ती निरुपद्रवी समजून सोडून दिली जाते. खरी खूण हृदयाच्या दुसऱ्या ध्वनीत, म्हणजे ‘लब-डब’मधल्या ‘डब’मध्ये असते. त्याचे दोन भाग एरवी श्वास घेताना दूर होतात आणि सोडताना जवळ येतात, पण येथे त्यांच्यातील अंतर बदलत नाही. ते टिपायला शांत खोली आणि सवडीने ऐकणारा कान लागतो, आणि गर्दीच्या दवाखान्यात ही दोन्ही दुर्मीळच.

साधा इको छातीवरून, फासळ्या आणि फुप्फुसे चुकवत केला जातो. पडद्याच्या मधोमध असलेले छिद्र त्यात बहुधा दिसते. परंतु वरची महाशीर हृदयाला जेथे मिळते, त्या कोपऱ्यातील छिद्र सहज निसटते, आणि त्याच्या जोडीला उजव्या फुप्फुसाची एखादी शीर चुकीच्या जागी उघडत असल्याचेही वारंवार आढळते. अन्ननलिका हृदयाच्या अगदी मागून जात असल्याने तेथून हा भाग स्पष्ट दिसतो. तपासणी उपाशीपोटी, घसा बधिर करून आणि गुंगीचे औषध देऊन करतात. गिळताना त्रास होत असेल किंवा अन्ननलिकेचा काही आजार असेल, तर तो आधी सांगावा. शिरांची रचना त्यानंतरही स्पष्ट झाली नाही, तर सीटी किंवा एमआरआय करतात.

छिद्र सापडले, तरी ते लगेच बंद करावे असे नाही. फुप्फुसांकडे जाणारे रक्त शरीराकडे जाणाऱ्या रक्ताच्या दीडपट किंवा अधिक असेल आणि उजवी बाजू मोठी झाली असेल, तर ते बंद करण्याचा विचार होतो; मात्र त्याआधी फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील दाब पाहावा लागतो आणि तो वाढल्याची शंका असल्यास कॅथेटर (रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नेलेली बारीक नळी) घालून मोजतात. हा दाब अतिशय वाढून रक्ताचा प्रवाह उलटा झालेला असेल, तर छिद्र बंद करणेच घातक ठरते. ती अवस्था आपल्या बाबतीत आहे असे वर्णनावरून वाटत नाही, पण तपासणी लांबवू नये असे मी म्हणतो ते याचसाठी.

तपासणीला जाताना जुने ईसीजी आणि छातीचे एक्स-रे, गरोदरपणातले असले तरी, सोबत न्यावेत. दरम्यान धडधड थांबेनाशी झाली, भोवळ येऊन शुद्ध हरपली किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.