वाचकांचे प्रश्न : इंदूर–पुणे हवाई अंतर आणि तिकिटावरचा वेळ

प्रश्न : माझी मुलगी पुण्यास असते. इंदूर–पुणे हवाई अंतर सुमारे ५०० किलोमीटर आणि उड्डाणाचा वेळ ४० मिनिटांहून कमी, असे मोबाइलवर दिसते. तिकिटावर मात्र सव्वा तास आहे आणि मोटारीने गेल्यास ६०० च्या घरात किलोमीटर भरतात. यांतले खरे काय? शिवाय गेल्या हिवाळ्यात कोलकात्यास जाताना लागला त्याहून परतताना अधिक वेळ का लागला? – एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ४० मिनिटांचा आकडा सोडला, तर बाकीचे तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोन विमानतळांमध्ये ताणून धरलेल्या दोऱ्याची लांबी. सडकेला घाट उतरावे लागतात आणि गावे गाठत वळावे लागते, म्हणून ती लांबते. नकाशावर आपल्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळापासून पुण्याच्या लोहगाव विमानतळापर्यंत पट्टी ठेवून पाहावी. ती रेघ महेश्वरला जवळजवळ स्पर्श करून नर्मदा ओलांडते, सातपुडा मागे टाकून शिरपूर आणि चोपडा यांच्या मधून तापीपार होते आणि कोपरगावापाशी गोदावरीवर येते. ज्या अहिल्याबाईंचे नाव विमानतळाला आहे, त्यांच्याच राजधानीजवळून, म्हणजे महेश्वराजवळून, ही वाट जावी, याचे मला फार अप्रूप वाटते. प्रत्यक्ष विमान नेमून दिलेल्या हवाई मार्गाने जाते, त्यामुळे त्याचे अंतर रेघेहून थोडे अधिकच भरते.

वेळेचा घोळ भागाकारातून होतो. ५०० ला ताशी ८०० ने भागले की साडेसदतीस मिनिटे येतात. पण हा वेग उंचावर गेल्यानंतरचा आहे, आणि एवढ्या छोट्या प्रवासात बराचसा वेळ वर चढण्यात आणि खाली उतरण्यातच जातो. इंदूरची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे आणि पुणे दक्षिणेला, किंचित पश्चिमेकडे कललेले. वारा पूर्वेचा असला की विमान पूर्वेकडे तोंड करून उडते, म्हणजे आधी पुण्यापासून दूर जाते आणि मग मोठे वळण घेते. लोहगावचा तळ वायुसेनेचा असून तीच धावपट्टी प्रवासी विमानेही वापरतात, तेव्हा उतरण्यापूर्वी आकाशात थांबावे लागणे शक्य असते. त्यातही तिकिटावरचा वेळ विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून पुण्यात जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतचे सरकणे, रांगेतले थांबणे, सगळे त्यात आले. मुलीला घ्यायला कोणी येणार असेल, तर तिकिटावरचीच वेळ धरावी.

कोलकात्याचे कारण वारा आहे. इंदूर आणि कोलकाता जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, अंतर सुमारे १३०० किलोमीटर. हिवाळ्यात उत्तर आणि मध्य भारतावर, विमाने उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. विमानाचा वेग ताशी ८३० आणि वाऱ्याचा १०० धरला, तर जाताना सुमारे ८४ मिनिटे लागतात आणि येताना १०७. पावसाळ्यात हा पश्चिमी झोत हिमालयाच्या उत्तरेस सरकतो, तेव्हा असा फरक राहत नाही. पुण्याच्या वाटेवर तर तो वारा बहुतांशी बाजूने लागतो, म्हणून तिथे जाण्यायेण्याच्या वेळात फारसे अंतर पडत नाही.